साहेबांसाठी राखून ठेवलेली चूक

पुस्तक टेबलावर आपटलं गेलं तेव्हा त्याच्या कडेनं इतक्या पिवळ्या चिठ्ठ्या बाहेर आल्या होत्या, की ते धड मिटतही नव्हतं. प्रत्येक पानाला एक चिठ्ठी. गुरुग्रामच्या एका शाळेकडून ते परत आलं होतं. शाळा म्हणजे एखादी इमारत समजू नका, तिच्या दिल्ली-एनसीआरभर शाखा आहेत. त्या सगळ्या शाखांमधल्या सहावीच्या मुलांसाठी आमचं हे वर्कबुक लागलं होतं. आणि आता त्यांच्या अकॅडमिक हेड भाटिया मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः आमच्या नोएडाच्या ऑफिसात येणार होत्या.

"किसका काम है ये?" सेठीसाहेबांनी विचारलं. विचारताना ते माझ्याकडे बघत नव्हते, नसीमकडे बघत होते. म्हणजे उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं होतं.

पुस्तकाचा विषय सांगितला तर तुम्ही हसाल. इंग्रजीतले नेहमी घोटाळा होणारे शब्द. दिसायला जुळे, अर्थानं एकमेकांचे कोणीच नाहीत असे. आमच्या दिल्लीत या विषयाला मरण नाही. माझ्या सोसायटीसमोर वह्यापेन्सिलींचं दुकान आहे, त्याच्या पाटीवरच्या स्टेशनरीचा अर्थ 'जागच्या जागी उभं असलेलं' असा होतो. वह्यांच्या स्टेशनरीत शेवटच्या आरआधी ए नसतो, ई असतो. जाऊ दे, दुकानदार बिचारा गरिबीतून वर आलेला आहे. पण छतरपूरच्या फार्महाउसवरच्या लग्नात गुलाबजामच्या काउंटरवर सोनेरी अक्षरांत चक्क 'वाळवंट' लिहिलेलं असतं, कारण गोडाच्या डेझर्टला दोन एस लागतात आणि यजमानांनी एकातच भागवलेलं असतं. आणि हेच यजमान नातवानं हिंदीत पाणी मागितलं की त्याला टोकतात, "बेटा, वॉटर बोलो." त्यांच्या त्या वॉटरवर आमचा धंदा चालतो, तेव्हा मी जास्त बोलत नाही.

मी या प्रकाशन कंपनीत इंग्रजी पुस्तकांची मॅनेजिंग एडिटर आहे. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले, पहाडगंजला मराठी शाळेत शिकले. इंग्रजी उशिरा शिकले आणि घाबरत घाबरत शिकले, म्हणून नीट शिकले. सेठीसाहेब कॉन्व्हेंटमधले. इंग्रजी बोलतात मात्र झकास, ऐकत राहावं असं. "आप तो मराठी मीडियम से हैं ना, मीना जी? फिर भी कमाल है!" हे कौतुक ते अधूनमधून माझ्या तोंडावर फेकतात. मी थँक्यू सर म्हणते. मनात जे म्हणते ते इथं छापता येणार नाही.

साहेब आमचे पब्लिशिंग डायरेक्टर आहेत, कारण मालक गुप्ताजींचे ते साडू आहेत. दुसरं काही कारण असलंच तर ते मला अजून सापडलेलं नाही.

आता त्या चुका पुस्तकात आल्या कशा, ते सांगते. त्यासाठी आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्यावी लागेल. पान मांडून झालं की त्याचा कच्चा छाप काढतात, त्याला प्रूफ म्हणतात. एडिटर प्रूफ तपासते, मग ते साहेबांकडे शेवटच्या सहीला जातं. त्याला आम्ही साइन-ऑफ म्हणतो. सही झाली की पान आमच्याकडे परत येतं, साहेबांनी दाखवलेल्या दुरुस्त्या आम्ही फाइलमध्ये करतो आणि मग ती फाइल प्रेसला जाते. साधं काम आहे.

पण साहेबांना स्वच्छ पान सहन होत नाही. पानावर लाल खूण केली नाही तर आपण पान पाहिलं हे लोकांना कळणार कसं? त्यामुळे चूक सापडली नाही की ते बेचैन होतात, पेन फिरवतात आणि मग जे बरोबर आहे त्यावर तुटून पडतात. मी नवीन होते तेव्हा त्यांनी एका चांगल्या धड्याची अशी वाट लावली होती की मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले होते. त्यांच्याशी वाद घालणारी एक बाई होती, तिला महिनाभरात 'डिजिटल'ला पाठवलं. डिजिटल म्हणजे तेव्हा एक रिकामी खोली आणि एक बंद पडलेला स्कॅनर. बाई गेली सोडून.

तेव्हा डिपार्टमेंटनं आपला उपाय काढला होता. प्रत्येक पानावर एक चूक मुद्दाम ठेवायची. सोपी, ठळक, वाटेत पडलेल्या केळीच्या सालीइतकी उघड. साहेबांची नजर तिच्यावर जाते, ते खूश होऊन लाल गोल काढतात, "क्या करते हो तुम लोग, यार!" असं म्हणतात आणि बाकीचं पान सुखरूप राहतं. बाळाला नजर लागू नये म्हणून गालावर काजळाचं बोट लावतात ना, तसंच. आम्ही मराठी बायका तिला तीट म्हणायचो, हिंदीवाले नजरबट्टू म्हणायचे. साहेबांना दिसली तर बरं, नाही दिसली तरी पान परत आलं की एडिटर गुपचूप ती तीट पुसून टाकायची. तेव्हापासूनची ही रीत, आणि ती कधीच चुकली नव्हती. पान परत येत होतं तोवर तिच्यात धोका नव्हता.

या वेळी पान परत आलंच नाही.

हे वर्कबुक नसीमनं लिहिलेलं आणि एडिट केलेलं. नसीम मुजावर. मूळची मिरजेची माणसं, आजोबा रेल्वेत बदली होऊन आले आणि इथलेच झाले. मुलगी हुशार, कामाला पक्की, आणि शब्दांच्या बाबतीत माझ्यापेक्षाही कडक. कॉन्ट्रॅक्टवर होती, त्याच महिन्यात कायम व्हायची होती. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललेलं. तिनं रीतीप्रमाणं दर पानाला तीट लावून प्रूफांची पीडीएफ साहेबांना पाठवली. साहेब जयपूरला भाच्याच्या लग्नात होते. शाळेला पुस्तकं सत्र सुरू व्हायच्या आत हवी होती. मी फोनवर सांगितलं, "सर, तुमच्या खुणा करून आमच्याकडे परत पाठवा, फाइल आम्हीच प्रेसला देऊ." त्यांच्या मागे ढोल वाजत होता. "बिल्कुल, बिल्कुल," म्हणाले.

आणि या गृहस्थानं पीडीएफ उघडलीसुद्धा नाही. वरातीत उभ्या उभ्या फोनवरून थेट साहिबाबादच्या प्रेसवाल्याला पाठवून दिली. वर लिहिलं, ओके, प्रिंट. प्रेसवाला एरवी नसीमच्या फाइलशिवाय कागदाला हात लावत नाही. पण आमच्याकडे एकदा 'ऊपर से आया है' म्हटलं की माणूस डोकं काढून खुंटीला टांगतो. त्यानं छापलं. तिकडून गठ्ठे परस्पर शाळेत गेले.

नसीम इकडे पानांची वाट बघत बसली होती. साहेब परत आले तेव्हा तिनं विचारलं, "सर, करेक्शन्स?" ते म्हणाले, "अरे, वो तो छप गया. देखो, इतना फास्ट काम होता है. तुम लोग बेकार में टाइम लगाते हो." ती प्रेसकडून एक छापील प्रत मिळवून माझ्या केबिनमध्ये आली. प्रत पाहिली तर काय, दर पानावर आपली तीट ऐटीत बसलेली. शाळेचे प्रिन्सिपल 'तत्त्व' झालेले. लूजमध्ये एक ओ जास्त, म्हणून माणूस चावी हरवण्याऐवजी सैल करत होता. वाळवंटात उंटाऐवजी आइस्क्रीम.

शाळेला कळवा म्हणून आम्ही साहेबांच्या मागे लागलो. "बच्चे कौन सा पढ़ते हैं," ते म्हणाले. मुलं वाचत नसतील, मास्तरीण वाचते. चार दिवसांत ते पिवळ्या चिठ्ठ्यांचं पुस्तक आलं.

तर त्या दिवशी साहेबांनी नसीमला सगळ्या फ्लोअरसमोर उभं केलं. "मैंने एक एक मिस्टेक मार्क की थी. इसने करेक्शन डाली ही नहीं. ये नेग्लिजन्स है. कल मीटिंग के बाद लेटर ले जाना." चोर तो चोर, वर शिरजोर! ज्यानं पान उघडलं नाही तो म्हणतो मी खुणा केल्या. नसीमचे कान लाल झाले होते. आमच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. निष्काळजी म्हणून काढलेल्या एडिटरला नोएडापासून दर्यागंजपर्यंत कोणी दारात उभं करत नाही.

संध्याकाळी मेट्रोच्या जिन्याखाली आम्ही चहा घेत उभ्या होतो.

"नसीम, उद्या सरळ सांगून टाक. साहेबांनी फाइल परस्पर पाठवली म्हणून."

"मग ते विचारतील ना ताई, चुका होत्याच कशाला फाइलमध्ये? काय सांगू? मुलांच्या पुस्तकात मी मुद्दाम घातल्या होत्या म्हणून?"

मुलगी बरोबर बोलत होती. खरं सांगितलं तर ती निष्काळजी ठरत नव्हती, वेडी ठरत होती. आणि तिच्यासोबत आमचं सगळं डिपार्टमेंट.

"अम्मीला काय सांगू, तेच कळत नाहीये," ती म्हणाली. "कायम होणार म्हणून तिनं गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय."

मला असा संताप आला म्हणून सांगू! एक माणूस वरातीत नाचतो, त्याचं कोणी काही बिघडवू शकत नाही, आणि जिनं पुस्तक उभं केलं ती घरी तोंड कसं दाखवू म्हणून विचारते. मी तिला म्हटलं, "उद्या तू काही बोलू नकोस. मी बघते." काय बघणार होते ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. घरी आल्यावर पोळ्या लाटताना सुचलं.

सकाळी भाटिया मॅडम आल्या. साठीच्या, कडक सुती साडी, चष्म्याला दोरी. गुप्ताजी स्वतः मीटिंगला बसले होते, म्हणजे त्यांना घाम फुटलेला होता. साहेबांनी सुरुवात केली. एडिटरची चूक, आम्ही ॲक्शन घेतोय, मी स्वतः प्रत्येक पान तपासलं होतं, वगैरे वगैरे. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

भाटिया मॅडमनी हात वर केला. "एक बात समझ नहीं आई, सेठी जी. हर पेज पर एक गलती है. एक ही. न दो, न ज़ीरो. मैंने ज़िंदगी भर कॉपियां जांची हैं. लापरवाह बच्चा इतने डिसिप्लिन से गलती नहीं करता."

बाई पोचलेली होती. नसीमनं टेबलाखाली माझा हात धरला.

"ते सांगते मॅडम," मी हिंदीत म्हटलं, "पण आधी एक छोटी गोष्ट. सर म्हणतात की नसीमच्या कामात चुका असतात आणि ते त्या पकडतात. तिनं काल पुढच्या पुस्तकाचं एक पान केलंय. सर, यातल्या चुका आत्ताच दाखवता का? म्हणजे मॅडमना तुमच्या तपासणीची खात्री होईल."

मी पान पुढं केलं. स्वच्छ पान. रात्री मी आणि नसीमनं फोनवर अक्षर अन् अक्षर तपासलेलं. ही रीत सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच साहेबांच्या हाती तीट न लावलेलं पान जात होतं.

साहेबांनी पेन काढलं. मालक समोर, क्लायंट समोर, आणि हातात पान. एवढी संधी ते कशाला सोडतात! त्यांनी वाचायला सुरुवात केली. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. पाय हलायला लागला. मला ती बेचैनी पाठ आहे. मी मनात म्हणत होते, सोडा साहेब, एकदा तरी म्हणा की पान बरोबर आहे. तेवढं म्हटलं असतं तर माझीच फजिती झाली असती.

पण स्वभावाला औषध नाही. लाल पेन चालायला लागलं. पहिला गोल, मग दुसरा. मग त्यांना सूरच लागला. "देखिए, ये इट्स में ऊपर कॉमा ही नहीं है. ये अफेक्ट गलत, यहां इफेक्ट आएगा. ॲडव्हाइस में एस लिख दिया, सी होता है. ये हाल है मैडम, मैं अकेला कहां कहां देखूं?" आणि पान त्यांनी अभिमानानं भाटिया मॅडमच्या पुढं सरकवलं.

मॅडमनी दोरीचा चष्मा लावला. शांतपणे वाचलं. 'त्याची शेपटी' मधल्या इट्सला कॉमा लागत नाही. सल्ला देणं या क्रियेला एसच लागतो, सी नावाला. हे त्यांच्या सहावीतल्या मुलांना येतं. आमच्याच पुस्तकात दिलेलं आहे, आणि तेवढा नियम तरी बरोबर छापला गेला होता.

"सेठी जी," त्या म्हणाल्या, "इसमें कुछ गलत नहीं था. अब है."

गुप्ताजी साडूकडे बघत होते. साहेब म्हणाले, "अमेरिकन में ऐसे ही लिखते हैं." अमेरिकेची माणसं तिथं नव्हती, नाहीतर त्यांनीही कपाळावर हात मारला असता.

मग मी सांगितलं. सगळं. तीट काय असते, का लावतात, कोण लावतं, फाइल जयपूरहून साहिबाबादला कशी गेली. काही झाकलं नाही. म्हटलं, "मॅडम, ही मुलगी चुका करत नाही. चुका ठेवायला आम्ही तिला शिकवलं, कारण नाहीतर आत्ता तुमच्या हातात आहे तसं पान छापलं जातं."

मला वाटलं होतं मॅडम हसतील. कसल्या हसताहेत! त्यांनी मला असं झापलं की मी पुन्हा पहाडगंजच्या बाकावर जाऊन बसले. "आप लोगों को शरम नहीं आई? एक आदमी का दिल रखने के लिए बच्चों की किताब में ज़हर रख दिया? बोल नहीं सकती थीं?" मी म्हटलं, बोलणारीला रिकाम्या खोलीत बसवतात. "तो बैठ जातीं," त्या म्हणाल्या.

मग त्या नसीमकडे वळल्या. "बाकी सारी किताब तुम्हारी है?"

"जी मैडम."

"अच्छी है. बहुत अच्छी है." आणि गुप्ताजींना म्हणाल्या, "दोबारा छापिए. आखिरी दस्तखत इस लड़की के होंगे. उसके बाद फाइल को कोई हाथ नहीं लगाएगा. मंज़ूर है तो ठीक, वरना हमारी सारी ब्रांचेज़ के लिए मैं दूसरा पब्लिशर देख लेती हूं."

गुप्ताजींना साडू प्यारा होता, पण एवढाही नाही. मंजूर झालं.

दुपारी नसीमला कायम झाल्याचं पत्र मिळालं. मी पेढे आणायला निघाले, तर ती पत्र तसंच घेऊन गुप्ताजींच्या केबिनमध्ये शिरली. मी मागोमाग गेले. पोरगी सरळ बोलली. "सर, मला सगळ्या फ्लोअरसमोर निष्काळजी म्हटलं गेलंय. ते सगळ्यांसमोर परत घेतल्याशिवाय मी हे घेणार नाही." मला माझ्या सगळ्या नोकरीत हे वाक्य सुचलं नव्हतं. गुप्ताजींनी वैतागून साडूला इंटरकॉम लावला. मेल टाका, ऑफिसला सगळ्यांना, भाटिया मॅडमना कॉपी करा, आणि विषय संपवा.

आता एक शेवटची गोष्ट सांगते. साहेबांच्या इंग्रजी मेल्सची कंपनीत फार ख्याती आहे. त्या मेल्स बाहेर जाण्याआधी आमच्या डिपार्टमेंटमधून जातात. "ज़रा लँग्वेज देख लेना," म्हणून मसुदा येतो, आम्ही तो धुऊन, इस्त्री करून परत देतो, आणि ख्याती साहेबांची होते. सवयीनं हाही मसुदा आला. आणि यायचा तो नसीमकडेच आला, कारण सकाळच्या मीटिंगवरून साहेबांनी काही शिकावं अशी अपेक्षाच चुकीची होती.

मी तिच्या खांद्यावरून वाचला. मसुदा छोटा होता, चुका भरपूर. कंपनी चांगली माणसं सैल करू इच्छित नव्हती. या प्रसंगानं साहेबांना 'अफेक्ट' करण्याऐवजी 'इफेक्ट' केलं होतं, म्हणजे चक्क घडवून आणलं होतं. बाकीचं सोडा.

नसीमनं दोनदा वाचला. कीबोर्डवर बोटं ठेवली, मग उचलली. माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

तिनं लिहिलं, 'नो चेंजेस, सर.' आणि पाठवून दिलं.

मेल तशीच्या तशी सगळ्या ऑफिसला गेली. अर्ध्या तासात भाटिया मॅडमचं उत्तर आलं, तेही सगळ्यांना. त्यांनी मेल लाल अक्षरांत तपासली होती आणि खाली शेरा लिहिला होता: पुन्हा लिहून आणा.

साहेब अजून डायरेक्टर आहेत. साडू कुठं जातात? पण पान त्यांच्याकडे जात नाही आणि मेल आमच्याकडे येत नाही. त्यांच्या मेल्स आता ते स्वतःच लिहितात, आणि सगळी कंपनी त्या मनापासून वाचते.

नोकरीत नव्या असलेल्या मुलींना माझं एवढंच सांगणं आहे. साहेबाला सांभाळून घेण्यात जेवढी अक्कल खर्च होते, तेवढ्या अकलेत आपण साहेब होऊ शकतो. सांभाळू नका. त्याचं त्याला पडू द्या.